विमान वाकडं का आहे, ते आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा आठवीत आहे, सुटीत सगळे गोव्याला चाललात, आणि त्याला समुद्रापेक्षा दाबोळीजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय बघायची घाई झाली आहे. न उडणाऱ्या आणि रंग उडालेल्या विमानांत या मंडळींना दिसतं तरी काय, आणि तिथे गेल्यावर घरातल्या बाकीच्यांनी काय बघायचं, असं तुम्ही विचारलंय. माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली. निवृत्तीनंतर जुन्या विमानांच्या जतनाच्या कामात अधूनमधून हात घालतो, म्हणून सविस्तर लिहितो.

विमानाला हौसेखातर कोणी वाकडं करत नाही. बंगल्याला बिनकामाचे खांब लावता येतात, मोटारीला शोभेचे पंख लावता येतात. विमानात मात्र जास्तीचा प्रत्येक किलो दर उड्डाणाला उचलावा लागतो, आणि त्याचं इंधन कोणीतरी भरत असतं. तेव्हा एखादं विमान चमत्कारिक दिसत असेल, तर ते बनवणाऱ्यापुढे अशी काहीतरी अडचण होती की तिला सरळ उत्तर सापडलं नाही. आमच्यासारख्यांचं वेड हेच असतं: समोर उत्तर उभं आहे, त्यावरून मूळ प्रश्न शोधायचा. तुमच्या मुलाला बहुधा याची चव लागली आहे, फक्त त्याला ते सांगता येत नसेल.

आता दाबोळीचंच घेऊ. तिथे आवारात सगळ्यात मोठं विमान उभं आहे ते लॉकहीड या अमेरिकन कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन. चार इंजिनं, तीन शेपट्या, आणि विमानाचं धड सरळ नळीसारखं नाही: नाकाकडे खाली झुकलेलं, मध्ये भरलेलं, मागे पुन्हा वर गेलेलं. लोक म्हणतात किती देखणं आहे, फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही थांबा आणि चाकांकडे बघा.

मूळ कॉन्स्टेलेशनचा आराखडा झाला त्या काळात इंजिनांची ताकद झपाट्याने वाढत होती. ती ताकद हवेवर उतरवायची तर प्रॉपेलर मोठा हवा, अगदी पंधरा फुटांच्या घरातला. एवढा प्रॉपेलर जमिनीला लागू नये म्हणून विमान उंच उभं करावं लागतं. विमान उंच म्हणजे नाकाखालच्या चाकाचा दांडा लांब. लांब दांडा म्हणजे वजन, शिवाय उतरतानाचा धक्का सोसायला तो कच्चा. मग आराखडा करणाऱ्यांनी दांडा लांबवण्याऐवजी नाकच खाली आणलं. मागच्या बाजूला शेपूट प्रॉपेलरांनी घुसळलेल्या हवेतून बाहेर काढायचं होतं, म्हणून तिकडे धड वर वळवलं. शेपट्या तीन का? तेवढंच काम एका उभ्या शेपटीने करायचं तर ती इतकी उंच झाली असती की तेव्हाच्या हँगरांच्या, म्हणजे विमान ठेवायच्या शेडच्या, दारातून विमान आत गेलं नसतं. म्हणजे जे सौंदर्य म्हणून आपण बघतो त्यात अर्धा वाटा प्रॉपेलरच्या लांबीचा आणि बराचसा हँगरच्या दाराचा आहे.

याची किंमतही मोजावी लागली. धड असं वळलेलं असल्यामुळे आतल्या गोल कड्या वेगवेगळ्या मापाच्या. प्रत्येकीचा पत्रा वेगळा कापायचा, वेगळा वाकवायचा. आजची प्रवासी विमानं कंटाळवाणी नळकांडी का असतात, याचं एक कारण हेच. नळीची एक कडी दुसरीसारखीच असते. विमान लांबवायचं झालं तर मध्ये चार कड्या वाढवा, मोकळे झालात.

मुलाला खरं तर इंजिनांपाशी जास्त वेळ घालवू द्या. राइट कंपनीचं आर-३३५० टर्बो-कंपाउंड हे इंजिन म्हणजे पिस्टनवाल्यांच्या हट्टाची कमाल आहे. नऊ-नऊच्या दोन चक्रांत बसवलेले १८ सिलिंडर, एकूण सुमारे ५५ लिटर क्षमता. दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एका इंजिनाला ३६ आणि विमानाला १४४. प्लग बदलायची पाळी आली की मेकॅनिकच्या पाठीचं काय होत असेल, याचा हिशेब मी मनातल्या मनात नेहमी करतो. एवढ्यावरही भागलं नाही. एक्झॉस्टमधून जाणारा तप्त वायू फुकट जातोय हे बनवणाऱ्यांना बघवेना. मग त्यांनी दर इंजिनाला तीन छोट्या टर्बाइन, म्हणजे वायूच्या झोताने फिरणारी पात्यांची चाकं, जोडल्या. प्रत्येकीवर सहा सिलिंडरांचा एक्झॉस्ट सोडायचा, तिने फिरायचं, आणि तिची ताकद द्रव-कपलिंगमधून परत क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, टाकायची. जास्तीचं इंधन न जाळता दर इंजिनामागे चारशेहून अधिक अश्वशक्ती पदरात पडली आणि एकूण आकडा सव्वातीन हजारांच्या आसपास गेला. यंत्र जेवढं हुशार तेवढं नाजूक, हा आमच्या धंद्यातला नेहमीचा अनुभव. एखादं इंजिन वाटेत बंद करावं लागणं इतकं सवयीचं झालं की जगातलं सर्वांत उत्तम तीन इंजिनी विमान अशी या चार इंजिनी विमानाची थट्टा व्हायची.

आणि हे सगळं परिपूर्ण होतंय तोवर जेट आलं. जेटच्या आत मुख्यतः फिरणारे भाग, मागेपुढे आदळणारं काही नाही. एअर इंडियाची पहिली बोइंग ७०७ विमानं १९६० मध्ये आली, आणि १९५४ पासून ताफ्यात दाखल झालेली सुपर कॉन्स्टेलेशन काही वर्षांतच म्हातारी ठरली. एखादं तंत्र संपण्याच्या अगदी आधी सगळ्यात गुंतागुंतीचं होतं, हे मला विमानांइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसलेलं नाही. हौशी लोकांचा जीव अशा शेवटच्या पिढीवरच जास्त असतो. पहिल्या पिढीत धाडस असतं, पण शेवटच्या पिढीत एक प्रकारचा हटवादी शहाणपणा असतो.

आता त्या विशिष्ट विमानाविषयी. मॉडेल कळलं की सामान्य माणसाचं समाधान होतं, वेड्या माणसाला मात्र हेच विमान कुठलं ते हवं असतं. एअर इंडियाने ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनची सेवा सुरू केली ती मूळ, आखूड कॉन्स्टेलेशनने. तिचं नाव 'मलबार प्रिन्सेस'. पुढे लांब सुपर कॉन्स्टेलेशन आली तेव्हा राजकन्यांच्या राण्या झाल्या: झाशीची राणी, अजिंठ्याची राणी, चितोडची राणी. दाबोळीला उभी आहे ती 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरूळची राणी. तेव्हाची नोंदणी व्हीटी-डीएचएम, आता अंगावर नौदलाचा क्रमांक आयएन-३१५. एअर इंडियाला जेट मिळाल्यावर या विमानांतली बरीचशी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाई दलाकडे गेली, आणि पुण्याच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरली. १९७६ मध्ये सागरी टेहळणीचं काम नौदलाकडे आलं तेव्हा विमानंही दाबोळीला आली. ज्या केबिनमध्ये एकेकाळी युरोपला निघालेल्या उतारूंना जेवण वाढलं जायचं, तसल्याच केबिनमधून पुढे वीसेक वर्षं माणसं अरबी समुद्रावर जहाजं शोधत बसली. त्यांच्या जागी १९८८ मध्ये रशियन टुपोलेव्ह-१४२ आली. तीही दाबोळीलाच उतरली, नंतर तमिळनाडूत अरक्कोणमला गेली, आणि त्यांपैकी एक आज विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय होऊन उभं आहे. आठ उलटसुलट प्रॉपेलर असलेलं ते धूड कधी तिकडे गेलात तर चुकवू नका.

राणी बघून झाली की ब्रेगे अलिझेकडे या. पाणबुड्या शोधणारं हे फ्रेंच विमान 'विक्रांत'वर असायचं. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात त्यांनी भरपूर काम केलं. मुलाला त्याच्या पोटाखाली वाकून बघायला सांगा. तिथे रडारचा गोल डबा आहे. तो उड्डाणात खाली यायचा, उतरताना आत ओढला जायचा. मौज अशी की हे विमान ज्या प्रयोगावरून निघालं त्यात पुढे प्रॉपेलर आणि मागे धडात एक जेट इंजिन होतं. जेटची कल्पना सोडून दिली, तेव्हा ती जागा रडारला मिळाली. पंखांवरचे ते दोन फुगीर भाग इंजिनाचे वाटतात. त्यांत मागे दुमडलेली चाकं आणि पुढे पाण्यात टाकायचे ध्वनिशोधक बोये, म्हणजे पाणबुडीचा आवाज टिपणारी तरंगती उपकरणं, असत. पंख मधोमध मोडतो, कारण जहाजाच्या लिफ्टमध्ये एवढं रुंद विमान न मोडता मावत नाही. एकाच विमानात इतकी उत्तरं कोंबलेली क्वचित सापडतात.

शॉर्ट सीलँड दिसायला गरीब आहे. त्याच्यापाशी गर्दी नसते, आणि मला ते सगळ्यात जास्त आवडतं. पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं हे विमान जगात पंचविसेकच बनलं. त्यांतली दहा भारतीय नौदलाने घेतली, आणि १९५३ मध्ये कोचीला नौदलाच्या वैमानिकी शाखेची सुरुवात झाली ती यांच्यापासून. धडाच्या तळाला मध्येच एक आडवी पायरी आहे ती बघा. नवख्याला वाटतं पत्रा दोन तुकड्यांत जोडलाय. पाणी गुळगुळीत तळाला चिकटून राहतं आणि विमानाला सोडत नाही. त्या पायरीपाशी पाण्याची पकड तुटते, म्हणून विमान उठतं. इंजिनं एवढी वर का, ते आता तो स्वतःच सांगेल: प्रॉपेलरवर पाण्याचे फवारे नकोत.

कामोव्ह हेलिकॉप्टरला शेपटीवरचा छोटा पंखा नाही, त्याऐवजी वर एकावर एक दोन पंखे विरुद्ध दिशांनी फिरतात. त्यामुळे शेपूट आखूड चालतं आणि युद्धनौकेच्या छोट्या डेकवर ते मावतं. सी हॅरिअर या लढाऊ विमानाविषयी तुमचा मुलगाच तुम्हाला अर्धा तास सांगेल, त्यामुळे मी सांगत नाही. त्याला फक्त एवढं विचारा की पंखांच्या टोकांजवळ ती लुकडी चाकं कशाला. मुख्य चाकं धडाखाली एका रेषेत आहेत, म्हणून तोल सावरायला टोकांशी आधार लागतो, हे उत्तर आलं तर समजा पोरगं नुसतं पुस्तकी नाही.

जतनाच्या बाबतीत आपला देश निष्काळजी आहे असं सर्रास म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे, पण एक कथा नेमकी उलटी आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरच्या चकेरी तळावर अमेरिकन बनावटीची लिबरेटर बॉम्बर विमानं मोठ्या संख्येने पडून होती. कराराप्रमाणे ती अमेरिकेला परत करायची, नाहीतर निकामी करायची. ब्रिटिशांनी दुसरा मार्ग घेतला. पत्रे फाडले, उपकरणं फोडली, इंजिनांत वाळू टाकली. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाला लांब पल्ल्याचं बॉम्बर हवं होतं आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं कानपूरला गेली. एका विमानाचा भाग दुसऱ्याला लावत एकेक विमान जेमतेम उडण्याजोगं केलं आणि बंगळूरला नेऊन पूर्ण ओव्हरहॉल केलं. ती मोडकी विमानं कानपूरहून उडवत नेण्याचं काम कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केलं. अशी चाळीसहून अधिक विमानं उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली स्क्वाड्रन तयार झाली, आणि १९५१ पासून पुण्याच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडेही लिबरेटर होती. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली तोवर जगात बाकी जवळजवळ सगळीकडे ही विमानं भंगारात गेली होती.

एकूण १८ हजारांहून जास्त लिबरेटर बनली, आज धड अवस्थेत डझनभरच्या आसपास उरली आहेत, आणि त्यांतली कितीतरी भारतातून गेलेली आहेत. ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयातलं, कॅनडात ओटावाचं, अमेरिकेत अ‍ॅरिझोनातलं, सगळ्यांचं माहेर इथलं. एक दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे. ते बघायला मिळालं तर बॉम्बच्या दारांकडे लक्ष द्या. ती खाली उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी धडाच्या बाजूवरून वर सरकतात. उघडी दारं वाऱ्यात लोंबत नाहीत, म्हणून वेग फारसा पडत नाही.

असा विषय निघाला की कोणीतरी शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव काढतंच. १८९५ साली चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं, अशी गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. मला त्या माणसाच्या खटपटीबद्दल आदर आहे. पण मी ज्या कामात आहे तिथे पत्रा, रिव्हेट, मापांचा आराखडा किंवा निदान त्या दिवशीची साक्ष लागते, आणि यातलं ठोस काही पुढे आलेलं नाही. मुलाला ती गोष्ट जरूर सांगा, सोबत हेही सांगा. ज्यांचा पत्रा हाताला लागतो अशी अभिमानाची विमानं आपल्याकडे आहेत. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभं असलेलं मारुत हे आपल्याकडे बनलेलं लढाऊ विमान बघा. जर्मन आराखडाकार कुर्ट टँक १९५६ मध्ये बंगळूरला आले, १७ जून १९६१ रोजी विमान पहिल्यांदा उडालं, एकूण १४७ बनली. आवाजाच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो, तो कमी करायला धड पंखांपाशी कमरेत बारीक केलंय. देहयष्टी उत्तम, पण त्या देहाला साजेसं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. बघताना जीव हळहळतो तो यामुळे.

जतनाबद्दल थोडं, कारण दाबोळीला गेल्यावर तुमच्या डोळ्यांना तेच आधी खुपेल. विमानाचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो गंजत नाही हा मोठा गैरसमज. लोखंडासारखा लाल होत नाही एवढंच, आतून पापुद्रे सुटतात आणि पांढरी भुकटी दिसायला लागते. पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला भिडतो तिथे खारी हवा दोघांमध्ये छोटी बॅटरीच तयार करते आणि पत्रा खाऊन टाकते. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि वर कोकणातला पाऊस, म्हणजे बघायलाच नको. उडणारं विमान धुतलं जातं, तेल-ग्रीस होतं, आतलं पाणी निथळतं. उभ्या विमानात निथळायची भोकं धुळीने बुजतात, पक्षी घरटी करतात, पाणी साचतं. मग समारंभ जवळ आला की वरून रंगाचा हात मारतात आणि त्याखाली बारीक अक्षरांच्या मूळ सूचना, कधी कधी क्रमांकाची पट्टीसुद्धा गाडली जाते. माझ्या मते रंगाने जेवढा इतिहास पुसलाय तेवढा गंजानेही नसेल. चौकाचौकांत खांबावर चढवलेली विमानंही मला आवडत नाहीत. लांबून शोभतात, पण तिथे ना जवळ जाऊन काही बघता येत, ना वर चढून कोणी देखभाल करत. परदेशात सगळं आलबेल आहे असंही नाही. फक्त तिकडे हौशी लोकांच्या संघटना स्वतः पाना हातात घेतात. अशा लोकांनी एक सुपर कॉन्स्टेलेशन अमेरिकेत दुरुस्त करून १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात उडवत आणलं, ते आता सिडनीच्या दक्षिणेला अल्बियन पार्कला असतं. तिकडे कोणी नातेवाईक असतील तर त्यांना पाठवा आणि इंजिन सुरू होतानाचा व्हिडिओ मागवा. पहिल्यांदा निघणारा तो निळसर धुराचा लोट बघितला की १४४ प्लगांचं महत्त्व पटेल.

जाताना काय करायचं ते सांगतो. सकाळी लवकर जा, दुपारी पत्रा तापतो आणि सावली फक्त पंखांखाली मिळते. वेळा आणि सुटीचा दिवस आधी विचारून घ्या. संग्रहालयाशेजारी नौदलाचा चालू तळ आणि विमानतळ आहे, त्यामुळे कॅमेरा तळाकडे वा धावपट्टीकडे वळवू नका, आणि आवारातही कुठे फोटो चालतात ते विचारूनच काढा. पंखावर 'इथे पाय देऊ नये' लिहिलेलं असतं ते नोकरशाही म्हणून नाही, तिथे खाली आधार नसतो. मुलाला एक वही द्या. दर विमानापाशी त्याने फक्त एकच प्रश्न लिहायचा: यातला सगळ्यात विचित्र भाग कोणता आणि तो नसता तर काय बिघडलं असतं? उत्तर तिथे सापडलं नाही तरी चालेल. विमानाभोवती एक पूर्ण फेरी मारायची, मग दुसरी फेरी वाकून, खालून. चाकांच्या खोबणीत बघायचं, तिथे रंगाचा हात क्वचित पोचतो आणि जुन्या पट्ट्या, पाइपांवरची पट्ट्यांची खूण, कारखान्याचे शिक्के बरेचदा शाबूत असतात.

आणि पावसाळ्यात गेलात तर विमानाच्या पोटाखाली पाणी कुठून ठिबकतंय, कुठे साचलंय, ते बघून तिथल्या कर्मचाऱ्यांना जरूर सांगा. चिडणार नाहीत. रोजच्या गडबडीत त्यांनाही प्रत्येक विमानाखाली वाकून बघायला होत नाही, आणि आठवीतल्या पोराने दाखवलेलं बुजलेलं भोक मोकळं करायला एक तार पुरते.